कापूस घेणाऱ्याच्या गोड बोलण्यापुढं माणूस गप काऊन होते?

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. परवा खेडा खरेदीवाला आला, कापसात हात घातला न म्हणे काका माल त सोनं हाय पन ओल हाय, मी काय तुमाले फसवीन का, तुमच्या बुढ्यापासून आपला व्यवहार. बाबा एक शब्द बोलले नाही, देऊन टाकला. पोरगी बीएले हाय, ते म्हणे याले रेटॉरिक म्हन्तात, म्हंजे बोलून पटवाची कला. मले वाटे हे पुढाऱ्याच्या भाषणातलं काम. साध्या बोलण्यात बी असते काय?

दर्यापूरचा मास्तर:
असते ना भाऊ. अ‍ॅरिस्टॉटलनं म्हंजे त्या ग्रीक तत्त्वज्ञानं दोन हजार वर्षांच्याही आधी सांगून ठेवलं, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना न मुद्द्यातला दम, या तीन गोष्टींनी माणूस पटते. तुमच्या गड्यानं बुढ्याचं नाव काढलं ती पत, सोनं म्हटलं का बाबा खुश. तिसरी मात्र त्यानं शिवलीच नाही. ओल मीटरवर पाहाची असते, सीसीआयवाले, म्हंजे सरकारी कापूस खरेदीवाले, बी ८ ते १२ टक्के पाहूनच घेतात, हातानं टक्का समजते काय! अन "फसवीन का" याले उत्तर द्याचं म्हटलं त समोरच्याले तोंडावर लबाड म्हणा लागते. बाबांची तिथंच गोची झाली.

झुणका भाकर:
सोनं म्हणते त भाव बी सोन्याचा दे म्हणा ना बाप्पा. आमची आजी याच जातीची, पोट्टं दहाले उठलं का "उठले का राजेसाहेब, चहा पलंगावर आणू?"

दर्यापूरचा मास्तर:
ते व्याजस्तुती, वरून स्तुती न आतून टोमणा. आजीले शिकवा नाही लागत.

वलगावकर:
मास्तर, सगळेच प्रश्न तोंड बंद कराले नसतात. गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनात लोकाईलेच इचारत, कर्ज काढून सण काऊन करता, नवसाले बकरं काऊन कापता, अन एकामागं एक असं इचारत न्यायचे का शेवटी सारी मंडळी आपल्याच तोंडानं मोठ्यानं "नाही" म्हणे. तो बी प्रश्नच, पन बोलतं करणारा. तुमच्या बाबाले म्हणा पुढच्या खेपेले उत्तर देऊन टाका, "नाही फसवत गा तू, मीटर काढ."

पऱ्हाटीवाला:
मीटर काढ म्हटलं त तो म्हणन भरोसा नाही काय काका. मंग?

वलगावकर:
मंग म्हणाचं, तुह्यावर हाय, तुह्या हातावर नाही. अन काटा बी आधी पाहून घेजा.