टोपणनावं बंद करून खऱ्या नावाची सक्ती करावी का?

वाटसरू: आमच्या ऑनलाइन समूहात शिवीगाळ आणि डूआयडी (एकाच माणसाने दुसऱ्या नावाने काढलेली जास्तीची खाती) वाढलेत. ओळखपत्राची प्रत घेऊनच सदस्यत्व द्यायचं, असा प्रस्ताव आहे. याने भांडणं खरंच कमी होतात का? आणि प्रती सांभाळायच्या कशा?

काजवा: प्रती घेऊच नका. जे साठवलंच नाही ते फुटत नाही. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पडताळणी सक्तीची केली. 2011 मध्ये तिथल्या नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या संकेतस्थळांच्या सुमारे साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीला गेली आणि 2012 मध्ये संवैधानिक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमानेही 2011 मध्ये धरलेला खऱ्या नावाचा हट्ट 2014 मध्ये सोडला. स्वतःच्या नावाने, फोटो लावून शिव्या देणारे सगळीकडे दिसतात. त्यांना या नियमाचा काही फरक पडत नाही. गप्प होतात ते वेगळेच: नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेली बाई, आजाराबद्दल विचारणारा, कचेरीतला गैरव्यवहार सांगू पाहणारा.

बिनआडनावी: सहमत, पण टोपणनाव म्हणजे निनावीपणा नव्हे. पाच वर्षं एकाच नावाने लिहिणाऱ्याला त्या नावाची पत जपावीशी वाटते. म्हणून नाव बदलायची मुभा वर्षातून एकदाच द्या. पाठलाग होत असलेल्या सदस्याला मात्र लगेच बदलू द्या आणि जुनं नाव कुठेही दाखवू नका. डूआयडी सरसकट गुन्हा नाही. स्वतःलाच दुजोरा देणं, दोनदा मत टाकणं आणि बंदी चुकवणं, एवढ्यावर कारवाई करा. दुसऱ्याच्या नावाची तोतयेगिरी तर अजिबात नको. 'मी डॉक्टर आहे' म्हणून सल्ला देणाऱ्याने पडताळणी करावी, नाहीतर तो दावा करू नये.

पडवी: तांत्रिक बाजू. फोन क्रमांक 'हॅश करून (म्हणजे थेट उलगडता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) ठेवलाय, सुरक्षित आहे' यावर विसंबू नका. दहा आकडी क्रमांक जास्तीत जास्त 1000 कोटी; साधा हॅश असेल तर ग्राफिक्स कार्ड ते सगळे काही मिनिटांत ताडून पाहतं. पडताळणी झाली की क्रमांक पुसा. आयपी नोंदींना (कोण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आलं याच्या नोंदींना) मुदत घाला. विकिपीडिया डूआयडी तपासण्यासाठीच्या नोंदी 90 दिवसच ठेवतो. त्या कुणी पाहिल्या, कधी आणि का, याचीही नोंद हवी, कारण मॉडरेटरचं कुतूहल हाही धोकाच आहे.

काजवा: कुणी दुसऱ्याचं खरं नाव उघड केलं, तर ताबडतोब बंदी. नुसता प्रतिसाद उडवून भागत नाही: अवतरणांत, शोधाच्या निकालांत आणि सूचनेच्या ईमेलमध्ये तो मजकूर उरतो. ईमेल परत घेता येत नाही, म्हणून सूचनेत प्रतिसादाचा मजकूर न देता फक्त दुवा द्या.