१९६० ची बीटल: प्लग कुठले घालू, आणि तीन नंबर सिलेंडरच्या प्लगपर्यंत हात पोचवू कसा?

टिळकवाडीकर:
आजोबांनी गोव्यातून आणलेली फोक्सवॅगन आहे, अजून ६ व्होल्टवरच. पावसाळाभर शेडमध्ये होती, आता मिसिंग करते. मागे एका मिस्त्रीने प्लग तिरका लावून हेडचे आटे घालवले होते. उद्यमबागेत एका टर्नरकडून इन्सर्ट (नव्या आट्यांची धातूची नळी) बसवून घेतला तेव्हा निभावलं. आता कुणाच्या हातात द्यायची नाही, स्वतःच करणार. प्लग बेळगावात मिळतील की पुण्याहून मागवू?

निपाणीचा_भाचा:
पुणे कशाला ओ! स्कूटरचे जुने पार्ट ठेवणाऱ्या दुकानात जा. १४ मिमी आटे, आट्यांची लांबी १२.७ मिमी, एनजीके कंपनीचा बी-६-एचएस. व्हेस्पाला चालतो तोच. १९ मिमीचा लांब प्लग कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, पिस्टनला धडकेल.

जुनं_लोखंड:
प्लग बरोबर सांगितलाय. गावातल्या गावात फिरवणार असाल तर बी-५-एचएस बघा. एनजीकेत आकडा लहान तितका प्लग गरम, म्हणजे टोक जास्त तापलेलं राहतं, बॉश कंपनीत बरोबर उलटं. दुकानदारही इथे घोळ घालतात.

इंजिन थंडगार असतानाच हात घाला. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढला की आटे सोबत येतात. आधी खळग्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर सगळी सिलेंडरमध्ये जाईल. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.६ ते ०.७ मिमी. तुमचं ६ व्होल्ट, मी ०.६ च ठेवीन.

तीन नंबरसाठी युक्ती: वीतभर पेट्रोलचा रबरी पाइप घ्या, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवा आणि पाइपानेच फिरवत आत न्या. तिरका गेला तर पाइप घसरतो, आटे वाचतात. हाताने टेकला की मगच पाना, नव्या वॉशरला अर्धा फेरा बास.

खानापूर_१२००:
आट्यांना थोडं ग्रेफाइट लावा की.

जुनं_लोखंड:
इन्सर्ट असलेल्या भोकाला मी नाही लावणार. हात सहज फिरतो आणि नकळत जास्त आवळलं जातं. बाकी तिघांना बोटाने जरासं पुसून लावलं तर चालेल. वायरच्या टोपीवरचे रबरी गोल मात्र चारही शाबूत हवेत. इंजिनभोवतीच्या पत्र्याचं भोक उघडं राहिलं तर पंख्याची हवा तिथूनच निसटते, आणि तुमच्या इंजिनात तीन नंबरला आधीच ऑइल कूलरमुळे हवा कमी पडते.

टिळकवाडीकर:
झालं! सकाळी सात ते अकरा, त्यातला दीड तास एकट्या तीन नंबरला. पाइपची युक्ती लाखात एक. पण चालू केल्यावर कार्ब्युरेटरमधून फट्फट आवाज, शेजारचे मामा गॅलरीत आले.

निपाणीचा_भाचा:
वायरी उलटसुलट झाल्या असणार. ठिणगीचा क्रम १-४-३-२. गाडीच्या मागे उभं राहिलात की उजवीकडे १ आणि २, डावीकडे ३ आणि ४. दोन्हीकडे लहान आकडा सीटच्या बाजूला.

टिळकवाडीकर:
तीन आणि चारची अदलाबदल केली होती मी. आता शिवणयंत्रासारखी चालते. जुने प्लग: तीन बिस्किटाच्या रंगाचे, चार नंबर काळा आणि तेलकट.

जुनं_लोखंड:
तेलकट असेल तर नव्या प्लगवर खूश होऊ नका. शे-दोनशे किलोमीटर चालवा, वंटमुरी घाट चढून या आणि चार नंबर पुन्हा काढून बघा. परत तेल दिसलं तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपासा. पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजली असेल.

टिळकवाडीकर:
रविवारी जातो. मामापण येतो म्हणताहेत.