पक्षांतर्गत शर्यतीत मागे पडलेल्या उमेदवाराने माघार कधी घ्यावी?

जर्सीकर (प्रश्न)

मी न्यू जर्सीत राहतो आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे. आमच्या राज्याची अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी अंतर्गत निवडणूक, सहसा जूनच्या सुरुवातीला, जवळपास सगळा देश मतदान करून मोकळा झाल्यावर होते. २०२० मध्ये करोनामुळे ती जुलैपर्यंत लांबली, आणि उमेदवारीच्या शर्यतीतील बर्नी सँडर्स यांनी तर ८ एप्रिललाच प्रचार थांबवला होता. मतपत्रिका हाती आली तेव्हा निवड करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आमच्याकडील मराठी मंडळींत दर चार वर्षांनी यावरून वाद होतो. काहींच्या मते आकडे विरोधात गेले की उमेदवाराने पक्षहित ओळखून बाजूला व्हावे, कारण लांबलेल्या भांडणाचा फायदा नोव्हेंबरमध्ये समोरच्या पक्षाला मिळतो. मला हे पूर्णपणे पटत नाही. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरच्या मतदारांनी जानेवारी-फेब्रुवारीत कौल दिला म्हणून बाकीच्यांनी गप्प बसावे, हा न्याय कसला? तरीही लांबलेल्या शर्यतीने पक्षाचे नुकसान होते, या भीतीत तथ्य आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी प्रत्यक्ष निवडणुकांचे दाखले देऊन लिहावे, ही विनंती.

दख्खनी

आधी प्रतिनिधींच्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्यांच्या, वाटपाची पद्धत सांगतो, कारण या विषयातले निम्मे गैरसमज तिथेच असतात. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकणाऱ्याला तिथले सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. किमान १५ टक्के मते घेणाऱ्या उमेदवारांत ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ५ फेब्रुवारी २००८ रोजी तुमच्या न्यू जर्सीत हिलरी क्लिंटन यांना ५९ आणि बराक ओबामा यांना ४८ प्रतिनिधी मिळाले, म्हणजे क्लिंटन यांची कमाई अकराची. त्याच दिवशी आयडाहोसारख्या लहान राज्यात ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशी बाजी मारली आणि बाराची आघाडी घेतली. एवढ्या मोठ्या राज्यातील विजय एका छोट्या राज्याने पुसून टाकला. या पद्धतीत शंभर-दीडशे प्रतिनिधींची पिछाडी भरून काढायची, तर उरलेली राज्ये नुसती जिंकून भागत नाही, ती फार मोठ्या फरकाने जिंकावी लागतात.

त्यानंतर फेब्रुवारीतच ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या. मार्चअखेर व्हरमॉन्टचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी क्लिंटन यांनी माघार घ्यावी, असे जाहीरपणे सांगितले. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पेनसिल्व्हेनिया जिंकले, वेस्ट व्हर्जिनियात तर चाळीस टक्क्यांहून मोठी आघाडी घेतली, आणि शेवटच्या लढती आटोपल्यावर ७ जूनलाच प्रचार थांबवला. हा हट्ट होता, असे मी म्हणणार नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या बळावर बहुमत त्यांनाही गाठता येत नव्हते आणि ओबामांनाही. निर्णय सुपरडेलिगेटांच्या, म्हणजे प्रायमरीच्या निकालाचे बंधन नसलेल्या पक्षनेत्यांच्या, हाती होता, आणि त्यांचे मन वळवण्याचा क्लिंटन यांना पूर्ण अधिकार होता.

नुकसानीबद्दल आपण विचारले आहे, म्हणून इंडियानाकडे पाहावे. एरवी त्या राज्याची पाळी येईपर्यंत उमेदवार ठरलेला असतो आणि तिकडे कोणी फिरकतही नाही. २००८ च्या मे महिन्यात मात्र दोन्ही उमेदवार तिथल्या लहानसहान गावांत सभा घेत होते, ठिकठिकाणी प्रचार कार्यालये उघडत होती, नव्या मतदारांची नोंदणी सुरू होती. प्रायमरी क्लिंटन यांनी निसटत्या फरकाने जिंकली. पण नोव्हेंबरमध्ये ओबामांनी तीस हजारांहून कमी मताधिक्याने ते राज्य घेतले. १९६४ नंतर प्रथमच तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार विजयी झाला. त्याच दिवशी प्रायमरी झालेले नॉर्थ कॅरोलिनाही १९७६ नंतर प्रथमच त्या पक्षाकडे आले. आर्थिक संकटाचा वाटा मोठा होता, हे मान्य. तरी वसंतात उभी राहिलेली कार्यकर्त्यांची फळी शरदात कामाला आली, हेही तितकेच खरे. ही फळी क्लिंटन मार्चमध्ये बाजूला झाल्या असत्या तर उभी राहिली नसती.

अभ्यासू वाचक

दख्खनी यांनी अनुकूल उदाहरण निवडले आहे. १९८० चे उदाहरण त्याच्या शेजारी ठेवले, तर चित्र इतके उजळ राहत नाही.

विद्यमान अध्यक्ष जिमी कार्टर यांना एडवर्ड केनेडी यांनी आव्हान दिले होते. ३ जूनला शेवटच्या लढतींत केनेडी यांनी कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी जिंकले, पण तोवर कार्टर यांच्याकडे उमेदवारीला पुरेल इतके प्रतिनिधी जमले होते. तिथे थांबायला हवे होते. केनेडी थांबले नाहीत. ऑगस्टमधील न्यू यॉर्कच्या अधिवेशनात प्रतिनिधींना बंधनातून मुक्त करावे, अशी मागणी त्यांनी लावून धरली आणि नियमावरील मतदानात ती फेटाळली गेल्यावरच माघार घेतली. शेवटच्या रात्री व्यासपीठावर कार्टर त्यांच्याभोवती घोटाळत राहिले, दोघांनी हात उंचावून उभे असल्याचे छायाचित्र त्यांना हवे होते, आणि केनेडी यांनी ते मिळू दिले नाही. दूरदर्शन संचासमोर बसलेल्या साऱ्या देशाने ते पाहिले. नोव्हेंबरमध्ये कार्टर यांना केवळ सहा राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळाला. महागाई आणि तेहरानमधील ओलीस ही पराभवाची मुख्य कारणे होती, याबद्दल दुमत नाही. परंतु दुभंगलेला पक्ष घेऊन अशा संकटाला तोंड देता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, मतदान शिल्लक असेपर्यंत लढणे आणि मतदान संपल्यावर त्याचा निकाल फिरवण्यासाठी लढणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला माझा विरोध नाही. १९७६ मध्ये रिपब्लिकन पक्षात रोनाल्ड रेगन सुरुवातीच्या लढती ओळीने हरले, पक्षातील अनेक राज्यपाल त्यांना माघार घ्या म्हणत होते, आणि २३ मार्चला त्यांनी नॉर्थ कॅरोलिना जिंकून शर्यतीचा रंगच पालटला. उमेदवारी अखेर तत्कालीन अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनाच मिळाली, १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनी. परंतु चार वर्षांनी पक्ष रेगन यांच्या मागे उभा राहिला, त्याची पायाभरणी त्या चिकाटीत होती.

जर्सीकर

दोघांचेही मनापासून आभार. आकडे नुसते अवघड होणे आणि अशक्य होणे यांतला फरक आता स्पष्ट झाला. उमेदवाराने राहावे की जावे, याबरोबरच त्याने राहून काय बोलावे, यालाही काही मर्यादा असावी का?

लेक मिशिगन

असायलाच हवी, आणि माझ्या मते मूळ प्रश्नापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मार्च २००८ मध्ये क्लिंटन यांनी असे सुचवले की, सरसेनापतिपद सांभाळण्याची पात्रता आपल्यापाशी आणि रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांच्यापाशी आहे, ओबामांचे मात्र त्यांनाच विचारावे. स्वतःच्या पक्षाच्या संभाव्य उमेदवाराला विरोधी पक्षाच्या उमेदवाराखाली बसवणे मला तेव्हाही अक्षम्य वाटले आणि आजही वाटते. याउलट २०१६ मध्ये सँडर्स यांनी शेवटपर्यंत राहून किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात आणली, आणि लढत असल्यास सुपरडेलिगेटांनी पहिल्या फेरीत मत देऊ नये, हा नियम २०१८ मध्ये पक्षाने स्वीकारला. मागे पडलेल्या माणसाच्या राहण्याने पक्ष बदलतो तो असा. धोरणावर हवे तितके कठोर बोलावे. प्रतिस्पर्ध्याच्या योग्यतेवर बोलताना मात्र उद्या त्याच्याच सभेत उभे राहायचे आहे, हे विसरू नये.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडे एबी फॉर्म हुकला की इच्छुक बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे कायदे प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष उभे राहू देत नाहीत. त्यामुळे जी काही ताकद दाखवायची, ती प्रायमरीतच दाखवावी लागते, आणि लवकर माघार घेण्याची किंमत तिथे अधिक असते.

रिपब्लिकन पक्षाचे गणित वेगळे आहे, हेही लक्षात घ्यावे. २०२४ मध्ये निकी हेली यांना त्यांच्याच साउथ कॅरोलिनात ३९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि ५० पैकी ३ प्रतिनिधी. तिथे वाट लवकर बंद होते. ६ मार्चची त्यांची माघार मला त्यामुळे रास्त वाटली. तरीही दोन महिन्यांनी इंडियानात त्यांच्या नावावर वीस टक्क्यांहून अधिक मते पडली. त्यांत इतर पक्षांकडे झुकणारे मतदारही असतील, कारण ती प्रायमरी खुली असते. पण नाराजी उमेदवाराबरोबर घरी जात नाही, हे त्यातून दिसते.

राज्यपातळीवर आपल्या मराठी माणसाचेच उदाहरण आहे. २०१८ मध्ये मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत श्री ठाणेदार शेवटपर्यंत उभे राहिले आणि तिसरे आले. एकाच फेरीच्या अशा लढतीत मते फुटण्याची भीती खरी असते. तिथे मात्र ग्रेचेन व्हिटमर यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली, त्यामुळे कोणाच्या राहण्याने निकाल बदलला नाही. त्या लढतीत घरोघरी पोचलेले नाव ठाणेदार यांना पुढे उपयोगी पडले, असे मला वाटते: २०२० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधील गर्दीची प्रायमरी जिंकून संसदेत.

जर्सीकर, आपल्या मतपत्रिकेविषयी शेवटचे. अमेरिकेत बहुतेक उमेदवार प्रचार ‘स्थगित’ करतात, रीतसर माघार घेत नाहीत. सँडर्स यांनीही एप्रिल २०२० मध्ये, उरलेल्या राज्यांत आपले नाव मतपत्रिकेवर राहील आणि जाहीरनाम्यावर प्रभाव टाकण्यासाठी आपण प्रतिनिधी जमवत राहू, असे सांगितले होते. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये निवडणूक मंडळाने त्यांचे नाव काढून अध्यक्षीय प्रायमरीच रद्द केली होती. शर्यतीतील आणखी एक उमेदवार अँड्र्यू यँग न्यायालयात गेले, मे महिन्यात न्यायालयाने ती पुन्हा घ्यायला लावली आणि २३ जूनला ती झाली. म्हणून पुढच्या खेपेस आपला उमेदवार थांबलेला असला तरी त्याचे नाव छापलेले आहे का ते पाहा, आणि असेल तर निःसंकोच मत द्या. १५ टक्क्यांची रेघ ओलांडली तर त्या मताचा प्रतिनिधी अधिवेशनात पोचू शकतो.