रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट शांत कसा करावा?

दिंडोरीरोडकर: नमस्कार. मी आणि माझे मेहुणे मिळून घरच्या शेडमध्ये दोन आसनांचे विमान बांधत आहोत. उड्डाण आणि त्याची परवानगी अजून दूर आहे; सध्या माझदाचे १३बी, म्हणजे दोन रोटरांचे (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग) १,३०८ सीसीचे इंजिन द्राक्षबागेच्या कडेला स्टँडवर बसवून चालवतो. वजन कमी आणि कंपन जवळजवळ नाही, म्हणून हे इंजिन घेतले. आवाजाचा विचार, खरे सांगायचे तर, केलाच नव्हता. अंबडच्या एका वर्कशॉपमधून ग्लासवूल भरलेला सायलेन्सर करून घेतला, तो तिसऱ्याच चाचणीला लालभडक झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले राखाडी धागे द्राक्षाच्या पानांवर अडकलेले दिसले. आता आवाज पूर्वीपेक्षाही कर्कश आहे, आणि शेजारचे काका म्हणतात की छाटणीला आलेले मजूर थांबायला तयार नाहीत. वजन फार न वाढवता काय करता येईल?

ओझरचा जुना फिटर: वर्कशॉपवाल्याला दोष देऊ नका, त्याने मोटारीच्या हिशोबाने काम केले. पिस्टन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो; तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हच नाही, रोटरचे टोक हाउसिंगमधल्या छिद्रावरून सरकले की दाबलेला वायू एकदम बाहेर फुटतो. त्यात काही इंधन नळीत पोचल्यावर जळते, त्यामुळे एक्झॉस्टचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तिथे ग्लासवूल मऊ पडून उडून जाणारच, आणि साध्या पत्र्याचे पापुद्रे निघणार.

म्हणून भरावाचा नाद सोडा आणि आवाज पोकळीच्या मापाने मारा. शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट, म्हणजे ६,००० आरपीएमला मूळ सूर २०० हर्ट्झचा. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६४० मीटर धरला तर तरंगलांबी ३.२ मीटर येते आणि तिचा चतुर्थांश ८० सेंटिमीटर. तेवढ्या लांबीची रुंद पोकळी त्या सुरावर सर्वाधिक काम करते; शक्तीची घट नको असेल तर मधून छिद्रांची सरळ नळी न्या. पत्रा ३२१ स्टेनलेसचा घ्या, आणि वजनाइतकाच खिसाही सोसत असेल तर इन्कोनेल ६२५, म्हणजे उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू. एक मीटरची स्टेनलेस नळी एवढ्या तापात सुमारे १५ मिलिमीटर वाढते, तेव्हा सरकता जोड ठेवलाच पाहिजे. दोन्ही टोके घट्ट बांधलीत तर वेल्डिंगच्या कडेलाच भेग पडेल.

गंगापूररोड: वरील उत्तराशी सहमत आहे, पण प्रोपेलर विसरू नये. एक्झॉस्ट आणि प्रोपेलर यांचा आवाज सारखा असेल, तर एक्झॉस्टचा आवाज पूर्णपणे बंद केला तरी एकूण घट फक्त ३ डेसिबल होते. आपल्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर आणि प्रोपेलरचा व्यास किती आहे?

दिंडोरीरोडकर: २.८५ आणि १.८ मीटर.

गंगापूररोड: मग ६,००० आरपीएमला प्रोपेलर मिनिटाला २,१०५ फेरे घेतो आणि टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १९८ मीटर येतो. हा बऱ्यापैकी शांत वेग आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत खरा गुन्हेगार एक्झॉस्टच असावा. टर्बो बसवण्याचा विचार असेल तर त्यातले, एक्झॉस्टच्या वायूने फिरणारे टर्बाइन स्वतःच त्या वायूचे धक्के बऱ्याच अंशी मोडते, मात्र वजन, उष्णता आणि बिघाडाची एक जागा वाढते. आवाजासाठी म्हणून मी तो बसवणार नाही.

ओझरचा जुना फिटर: एक राहिले. कॅबिन गरम करण्यासाठी या सायलेन्सरभोवती आवरण घालून हवा घेण्याचा मोह होईल. भेग पडली तर कार्बन मोनॉक्साइड थेट कॅबिनमध्ये येईल आणि त्याला वास नसतो. नाशिकच्या हवेत हीटर लागतोच कुठे, स्वेटर घाला.