लवाद म्हणजे माणूस की कोर्ट? आणि करारातल्या 'सीट'ला काय म्हणायचं?

प्रश्न :
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मकरपुऱ्यात एका छोट्या कारखान्याचे करारमदार बघते, माल बाहेरदेशी जातो. आमचे साहेब घरी-दारी मराठीच बोलणारे, म्हणाले हे आर्बिट्रेशनचं (कोर्टाबाहेर, दोघांनी नेमलेल्या पंचाकडून वाद मिटवायचं) कलम मला मराठीत लिहून दे. मी लिहिलं "लवाद सिंगापूरला", तर म्हणे ते हरित लवादासारखं सरकारी कोर्ट का? मग "मध्यस्थी" केलं तर म्हणाले बरं झालं, नाही पटलं तर उठून येऊ! दोन्ही चूक ना. शिवाय बाजूच्या टेबलावरचे गुजराती भाई पण लवादच म्हणतात, मग शब्द नक्की कोणाचा?

प्रतिसाद :
ताई, शब्द दोघांचाही, आला पोर्तुगीज 'लोवादो'वरून. मूळ अर्थ माणूस, म्हणजे दोघांनी मिळून मान्य केलेला पंच, म्हणून जुने लोक "लवाद नेमला" असंच म्हणायचे. घोळ पुढे झाला, कृष्णा पाणी तंटा लवाद, हरित लवाद ही नावं पडली आणि ते तर सरकारने कायद्याने बसवलेले, तिथे पंच निवडायचा तुम्हाला अधिकारच नाही. माझ्या मते माणसाला लवाद, तिघं असले तर लवाद मंडळ आणि सगळ्या प्रकाराला लवादी म्हणावं. मध्यस्थी मात्र अजिबात नको. मध्यस्थ फक्त जुळवून देतो, त्याचा २०२३ चा कायदाच वेगळा आहे, आणि लवाद देतो तो निवाडा, तो पाळावाच लागतो. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो परदेशातही वसूल करता येतो, १७० च्या वर देश त्यात आहेत. हिंदीत दोन्हीला सर्रास मध्यस्थता म्हणतात, ते आपल्याकडे येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती :
पटलं काका. पण खरी अडचण 'सीट'ची आहे. "स्थळ" लिहिलं तर साहेब विमानाच्या तिकिटाचा हिशोब करायला लागतात.

प्रतिसाद :
बडोदेकरांना हे कळायला सोपं आहे खरं तर. सयाजीराव महाराज उटीला असोत की युरोपात, गादी बडोद्याचीच, हुकूम चालायचा तो बडोदे सरकारचाच. तसंच सीट म्हणजे गादी, कुठल्या देशाचा लवादी कायदा लागू आणि कुठल्या कोर्टाची देखरेख ते तिच्यावरून ठरतं. सुनावणी जिथे होते तो नुसता मुक्काम, तो दुबईत असू दे नाहीतर व्हिडिओ कॉलवर. आणि जिच्या नियमांनी लवादी चालते ती संस्था ही तिसरीच गोष्ट. अ‍ॅमेझॉन-फ्यूचरच्या भांडणात नियम सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवादी केंद्राचे होते पण गादी दिल्लीची, म्हणून तर २०२१ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने तातडीच्या लवादाचा (मुख्य लवाद बसण्याआधी तात्पुरत्या नेमलेल्या पंचाचा) हुकूम आपल्या कायद्याखाली मान्य केला.

नव्या नियमांत असे शब्द भराभर येतायत आणि आपण मराठी शब्द ठरवायला उशीर करतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथेच सयाजीराव महाराजांनी कारभारातले शब्द आठ भाषांत मांडून १९३१ साली कोश काढवला होता! सिंगापूरचे नवे नियम जानेवारी २०२५ पासून आलेत, त्यात १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्याला वेगळी छोटी पद्धत आहे, लवाद बसल्यापासून ३ महिन्यांत निवाडा. तिला मी "आटोपशीर लवादी" म्हणतो, कारण "जलद" त्याच्या वरच्या ६ महिन्यांच्या पद्धतीला लागतो. अजून एक, पॅरिसच्या आयसीसीचं (आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचं) 'कोर्ट' निकाल देत नाही हं, ते लवादाच्या निवाड्याचा मसुदा तपासतं, तेव्हा त्याला न्यायालय लिहू नका.

प्रश्नकर्ती :
काका, लिहून दिलं : "वाद लवादीने मिटेल, नियम सिंगापूर केंद्राचे, गादी सिंगापूर, मुक्काम सोयीनुसार, निवाडा दोघांवर बंधनकारक." साहेबांनी एका वाचनात विचारलं, मग नियम त्यांचे राहू देत, गादी मुंबईला का नाही घेत? आज समोरच्या पार्टीला तसा मेल टाकतेय.