कॅटालेजच्या बुडबुड्यांवर सगळं ठरवू नका

कॅटालेज हे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम; जिवाणूंवर पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघणं ही त्याची चाचणी. 'बुडबुडे आले नाहीत, म्हणजे त्या जिवाणूकडे पेरॉक्साइड मोडायची सोयच नाही' असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. चाचणीत ३ टक्के द्रावण असतं, म्हणजे जवळपास १ मोलर. पेशीत पेरॉक्साइड मायक्रोमोलरच्याही (मोलरच्या दहा लाखाव्या भागाच्याही) खाली असतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये एवढं थोडं पेरॉक्साइड मुख्यतः एएचपीसी हे एन्झाइम निस्तरतं, कॅटालेज नंतर. एएचपीसीत हीम (कॅटालेजमधला लोह धरणारा भाग) नाही की लोह नाही. पाच जोड्यांचं, म्हणजे दहा प्रथिन-साखळ्यांचं कडं असतं. साखळीतल्या ४६ व्या जागेचं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) पेरॉक्साइडवर तुटून पडतं, मग शेजारच्या साखळीतल्या १६५ व्या सिस्टीनशी डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला जोड) जुळतो. तो सोडवायला एएचपीएफ हा जोडीदार लागतो आणि त्याला एनएडीएच, म्हणजे पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू. यात पाणी तयार होतं, ऑक्सिजन सुटतच नाही, मग बुडबुडे येणार कुठून? पेरॉक्साइड फार वाढलं की एनएडीएच पुरत नाही, सिस्टीनही अतिऑक्सिडीकृत होऊन बंद पडतं. तिथे कॅटालेज हवंच.

आता चाचणीचं. परभणी-लातूरकडे एप्रिल-मेमध्ये बाटली बाहेर ठेवली तर पेरॉक्साइडचा जोर उतरतो आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो, म्हणजे कॅटालेज असूनही बुडबुडे दिसत नाहीत. गडद बाटली, फ्रिज, आणि दर वेळी स्टॅफिलोकोकस या कॅटालेज असलेल्या जिवाणूचं कंट्रोल (तुलनेची चाचणी), एवढं पाळाच. आधी स्लाइडवर कॉलनी (जिवाणूंचा ठिपका), मग पेरॉक्साइडचा थेंब. कॉलनी उचलायला निक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा लूप नको, लाकडी काडी बरी. ब्लड अगारवरची (रक्त घातलेल्या माध्यमावरची) कॉलनी तर शक्यतो टाळाच, तांबड्या पेशींचं कॅटालेजच फसफसतं.