चामडी वेष्टनाची वही घरी बांधण्याविषयी मार्गदर्शन हवे

दौतलेखणी :
नमस्कार. रोज शाईच्या पेनाने लिहिण्यासाठी चामडी वेष्टनाची जाड वही घरीच बांधावी, असे मनात आहे. मी चिपळूणला राहतो आणि येथे पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यांवर व पादत्राणांवरही बुरशी धरते. अशा हवेत कोणते चामडे टिकेल, ते पुठ्ठ्यावर चिकटवावे की पुठ्ठ्याविना मऊच ठेवावे, आणि वही सपाट उघडण्यासाठी शिवण कशी घालावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रापी आणि आरी :
मी शिवणीपासून सुरुवात करतो, कारण वही निकामी होते ती बहुधा कण्यापाशी. चामडे त्यानंतरही वर्षानुवर्षे धड असते. चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांचा, म्हणजे सोळा पृष्ठांचा फर्मा होतो. असे दहाबारा फर्मे मेण लावलेल्या लिनन दोऱ्याने थेट चामड्याच्या कण्यातून लांब टाक्यांनी शिवावेत. या बांधणीत कण्याला गोंद लागतच नाही, त्यामुळे वही सपाट उघडते आणि दमट हवेत वाकणारा पुठ्ठाही टळतो. आरीने भोके पाडताना ती घडीच्या रेषेवरच पडतील असे पाहावे, आणि दोरा ताणताना कण्याच्या दिशेने ताणावा. सरळ आपल्याकडे ओढल्यास भोकापाशी कागद फाटतो.

चामडे दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे आणि बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले घ्यावे. कोल्हापुरी चपलांचे चामडेही याच रीतीने कमावतात, मात्र वहीसाठी त्याहून पातळ व लवचीक कातडे लागते. एक खबरदारी घ्यावी : हे चामडे ओले असताना त्याला लोखंड लागू देऊ नये. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून ज्या क्रियेने काळी शाई तयार होते, त्याच क्रियेने चामड्यावर काळे डाग पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.

घाटमाथा :
शिवणीविषयी पूर्ण सहमत आहे. चामड्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. वनस्पतींनी कमावलेले चामडे ओलावा चटकन शोषते, म्हणून कोकणासाठी मी क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलेच सुचवेन. त्यावर ठसा नीट उमटत नाही आणि वापरातून येणारी ती सुंदर गडद छटाही तितकी येत नाही, पण पाण्याला ते अधिक दाद देत नाही. चामडे कोणतेही असले, तरी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवू नये, कारण बुरशीला कोंडलेली हवाच मानवते.

घोटीव कागद :
कागदाचा विचार अजून कोणी मांडलेला नाही, आणि माझ्या मते लिहिण्याच्या वहीत त्याचे महत्त्व चामड्याहून अधिक आहे. यंत्रावरच्या कागदातील तंतू मुख्यतः एका दिशेने असतात आणि ती दिशा कण्याला समांतर यावी लागते. तशी नसेल तर ओलाव्याने पाने कण्यापाशी सुरकुततात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घालावी. हातकागदात तंतू बहुतांशी सर्व दिशांना पसरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून हे काम करीत आहे. शाईच्या पेनासाठी मात्र खळ दिलेला, घोटून गुळगुळीत केलेला कागदच हवा, अन्यथा शाई फुटते. म्हणून एकच ताव आणून त्यावर आपल्याच पेनाने लिहून पाहावे आणि मगच जास्त ताव घ्यावेत.

दौतलेखणी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आतल्या बाजूला एक कागदी खिसा चिकटवायचा आहे. त्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ चालेल का, आणि किडीसाठी तीत मोरचूद घालावा का?

रापी आणि आरी :
खळ चालेल, पण पातळ थर द्यावा आणि खिसा वजनाखाली पूर्ण वाळू द्यावा. जुने बांधणीकार मोरचूद घालीत असत हे खरे आहे, तथापि तांब्याचे क्षार कालांतराने कागद ठिसूळ करतात, म्हणून तो टाळावा. लागेल तेवढीच ताजी खळ शिजवावी.